पाण्यावरची थाप

नीरा नदीकाठच्या सांगवीच्या उसात रात्री दारं धरायला जावं. बॅटरीचा उजेड दोन सऱ्यांपलीकडे पोचत नाही, ऊस डोक्याच्या वर गेलेला. पाणी कुठवर आलं ते पायाला कळतं आणि बांध कुठं फुटला ते कानाला. सरीतून सरळ चाललेल्या पाण्याचा आवाज बारीक असतो. फुटलं की तो एकदम जाड होतो, पसरतो. भेगाळलेल्या रानात पहिलं पाणी शिरलं, की भेगांतली हवा बुडबुडत वर येते आणि सगळी सरी बोलायला लागते.

खरं तर बोलते ती हवाच. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञानं 1933 मध्ये गणितानं दाखवलं, की पाण्यातला बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत एका ठरावीक सुरात वाजतो. बुडबुडा लहान, तसा सूर उंच. नीरेच्या डोहात किंवा विहिरीत डुंबणाऱ्या पोरांना हे हातानं माहीत असतं. पंजा सपाट आपटला तर नुसता चटका बसतो आणि ‘चट्’ वाजतं. तोच पंजा वाटीसारखा वळवून, हवा कोंडून खाली दाबला, की आतून ‘धुम्म्’ असा घुमारा उठतो. बोटं किती मिटायची, हात किती खोल न्यायचा, हे कुणी शिकवत नाही. पाणीच हाताला उलटा रेटा देऊन सांगतं. वानुआतूच्या बँक्स बेटांवरच्या बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून अशाच थापांची मैफल करतात. आपल्याकडे वात्स्यायनानं चौसष्ट कलांत उदकवाद्य मोजलं, आणि टीकाकार यशोधरानं त्याचा अर्थ पाण्यावर मुरजासारखं, म्हणजे मृदंगासारखं, वाजवणं असा लावला. डोहातल्या पोरांचा खेळ या कलेचा सख्खा वारस आहे, असं मी मानतो.

जलतरंग ही त्याच घराण्यातली शहाणी, नीटनेटकी लेक. चिनी मातीच्या लहानमोठ्या वाट्या अर्धवर्तुळात मांडायच्या, प्रत्येकीत मोजून पाणी, हातात दोन बारीक काड्या. पुण्याच्या मिलिंद तुळाणकरांनी हे वाद्य आजही मैफलीत जिवंत ठेवलं आहे. चमचाभर पाणी वाढवलं की वाटीचा सूर उतरतो. घरी नळाखाली घागर लावली की मात्र उलटं: भरता भरता तिचा आवाज चढत जातो, आणि आई चुलीपाशी बसूनच सांगते, “भरली गं, नळ बंद कर.” घागरीत वाजते ती वरची हवा, ती आखूड होत जाते म्हणून सूर चढतो. वाटीत वाजतो तिचा काठ. त्याला पाण्याचं ओझं ओढावं लागतं, म्हणून सूर खाली बसतो. एकच पाणी, दोन उलट्या वाटा. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी घरातली सगळी भांडी वाजवून पाहिली.

पण जलतरंगात बोट कोरडं राहतं, याची मला थोडी खंत वाटते. कॅनडात स्टीव्ह मान यांनी हायड्रॉलोफोन केला, त्यात ती उणीव भरून निघाली. पाण्याच्या उसळत्या धारांची रांग. धारेवर बोट ठेवलं की अडलेलं पाणी आतल्या वाटेनं वळतं आणि सूर निघतो. बोट अर्धवट ठेवा, तिरकं ठेवा, सूर त्याप्रमाणे हलतो. टोरांटोच्या ओंटारिओ सायन्स सेंटरसमोर असं मोठं वाद्य उभारलं गेलं, आणि येणारीजाणारी मुलं त्याच्याशी खेळली. काचेच्या पडद्यावर बोट फिरवणाऱ्या मुलांना हा रेटा कुठून मिळणार?

सांगवीत त्यासाठी फार काही लागत नाही. कालव्याला आवर्तन सुटलं की शेतातला हौद भरतो. कडेला मोठ्या माणसाला बसवून पोरांना त्यात हात घालू द्यावेत. नदीवर पाठवायला मात्र आता मन कचरतं. नीरेच्या दूषित पाण्याबद्दल या काठानं पुष्कळ तक्रारी केल्या आहेत, आणि ज्या पाण्यात हात घालवत नाही ते वाजवणार कसं? नदी स्वच्छ हवी ती पिण्याला आणि पिकाला, तशी पोरांच्या या थापेलाही हवी. तोवर शाळेत सात वाट्या, एक तांब्या आणि दोन काड्या ठेवाव्यात. ‘सा’ लावायला पाणी किती, हे पोरं थेंबाथेंबानं स्वतःच शोधतील.