पाठीवरची परीक्षा

माझी पाठ आजवर फारशी कोणी थोपटलेली नाही. त्यामुळे त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई तिच्याकडे पाहून “वा, ऐसपैस जागा आहे!” असे म्हणाल्या, तेव्हा मला अगदी भरून आले.

झाले होते असे की, पुतणीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी मी कलप लावला. गेली अकरा वर्षे लावतो आहे. खोक्यातल्या कागदावर ‘आधी थोडा लावून ४८ तास वाट पाहा’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते; पण तो कागद वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. लग्नाच्या दिवशी पापण्या अशा सुजल्या की अंतरपाट दूर झाला तरी मला काही दिसेना. “काकांचा फार जीव हो पुतणीवर, रात्रभर रडलेत,” असे वरपक्षाकडच्या एक बाई सर्वांना सांगत होत्या. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

“पण डॉक्टर, अकरा वर्षं काही झालं नाही!”

“त्वचेचं असंच असतं,” बाई म्हणाल्या. कलपातले पॅराफेनिलीनडायअमीन (हे नाव मी घरी तीनदा घोकले) त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते. तिथल्या पहारेकरी पेशी ही चहाडी लसिकाग्रंथींपर्यंत पोचवतात आणि तिथे कायमची नोंद होते. तेव्हा वर काहीच दिसत नाही. पुढच्या एखाद्या भेटीनंतर मात्र एकदोन दिवसांनी भडका! बाईंनी आमच्या आत्याला पाहिलेले नव्हते, तरी वर्णन हुबेहूब तिचे होते. मानपान चुकला तर ती त्या दिवशी हसतमुखाने जिलबी खायची. पुढच्या कार्यात कळायचे.

मग माझ्या पाठीवर चकत्या चिकटवल्या. कलप, निकेल, अत्तरातले सुगंध, टिकलीचा गोंद. मी टिकली लावत नाही, हे सांगायचे राहून गेले. चकत्या दोन दिवसांनी काढायच्या, पण चौथ्या दिवसापर्यंत पाठीला पाणी नाही आणि खाजवायचे नाही. महिना मे.

ब्रेस्लाऊच्या याडासोन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ साली ही युक्ती मांडली. पण ती माझ्यासारख्या बाधलेल्यांसाठी. नवे रसायन कुणाला बाधेल का, हे पूर्वी गिनीपिगचे केस भादरून पाहत. म्हणजे माझे केस काळे व्हावेत म्हणून त्या बिचाऱ्याने आपले गमवायचे! सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला आपल्याकडे २०१४ साली बंदी आली. आता काचेच्या भांड्यात पाहता येते: रसायन प्रथिनांच्या तुकड्यांना चिकटते का, वाढवलेल्या त्वचापेशी हाकाटी करतात का. एकाच चाचणीवर सहसा विसंबत नाहीत. स्थळ पाहताना आपण कुठे एकाच नातेवाइकाला विचारतो?

चौथ्या दिवशी टिकली निर्दोष सुटली. कलपाच्या जागी मात्र लालभडक चट्टा आणि वर फोड. “कलप कायमचा बंद,” बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी आरशासमोर बसून राहिलो. “आता म्हातारा दिसणार मी,” मी म्हटले.

सौभाग्यवती आपले पांढरेशुभ्र केस विंचरत होती. तिने आयुष्यात कधी कलप लावला नाही.

“अकरा वर्षं लोक मला तुमची थोरली बहीण समजतायत,” ती शांतपणे म्हणाली. “मी कधी काही बोलले?”

मी तिला पाठ खाजवून दे म्हणणार होतो. नाही म्हटले.