कणकुंबीच्या रानातले तकतकीत अळंबे

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे निघालेला वाटसरू कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबतो, मलप्रभेच्या उगमाचे तीर्थ घेतो आणि पुढे गोव्याकडे उतरतो. श्रावण सरताना ज्याच्यापाशी दोन तास मोकळे असतील, त्याने मात्र सडक सोडून रानाच्या कडेने हिंडावे. नजर शेंड्यांकडे नव्हे, बुंध्यांकडे असावी.

जुन्या बुंध्यांना आणि कुजक्या ओंडक्यांना तेथे तांबूस-तपकिरी, कानाच्या पाळीसारखे पसरट अळंबे चिकटलेले आढळते. पाठ रोगण चढवल्यासारखी चकचकते. वाढती कड तेवढी पांढरी-पिवळसर. शास्त्रज्ञ याला गॅनोडर्मा म्हणतात. ग्रीक भाषेत गानोस म्हणजे झळाळी आणि डर्मा म्हणजे त्वचा. बारसे करणाऱ्याची नजर चांगली होती!

पण केवळ चकाकीवर विसंबू नये. पावसात काय चकाकत नाही? अळंबे खालून पाहावे. भूछत्राखाली असतात तशा पातळ पाकळ्या तेथे नसतात. टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे असतात. ताज्या अळंब्याचा हा तळ पांढरा असतो आणि काडीने ओरखडताच त्यावर तपकिरी रेघ उमटते. आसपासच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखे बीजाणू सांडलेले असतात. एवढे जुळले की कुळ ठरले. जात सांगण्याचे धाडस मात्र करू नये. १७८१ साली कर्टिसने इंग्लंडात वर्णिलेल्या जातीचे ‘ल्युसिडम’ हे नाव आपल्याकडे सर्रास लावले जाई. जनुकीय अभ्यासाने आशियातील बरेच नमुने निराळ्या जातींचे ठरवले आहेत.

लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन ही बुरशी पचवते आणि मागे फिकट, भुसभुशीत गाभा उरतो. वर पालवी हिरवी, आत पोकळी. रानात हे उपकाराचेच काम. स्वतः ढोली कोरू न शकणाऱ्या धनेशाला अशाच कुजलेल्या गाभ्याचा आसरा मिळतो.

घाट उतरून सत्तरीतल्या कुळागरांत शिरले की मात्र याच अळंब्याने छातीत धस्स होते. नारळावरील याच्या रोगाला तंजावरचे नाव मिळाले, कारण १९५२ साली तो त्या जिल्ह्यात नजरेस आला. पोफळीवरील रोगाला घाटावरचे कन्नड बागायतदार ‘अणबे रोग’ म्हणतात. आपले अळंबे आणि त्यांचे अणबे, शब्दही कसे शेजारधर्म पाळतात! बुडाशी अळंबे उगवेपर्यंत मुळे बहुधा कामातून गेलेली असतात आणि मुळांवाटे रोग शेजारच्या झाडाकडे सरकत असतो. रोगट झाड बुंध्यामुळांसकट काढून जाळणे, भोवती चर खणणे आणि उरलेल्या झाडांना निंबोळी पेंड घालणे, एवढेच हाती उरते.

अशाच एका कुळागरात वृद्ध मालकाने मला अळंबे दाखवले. मी काडीने तळ ओरखडला. रेघ तपकिरी झाली.

“मास्तर, हिच्यावर अजून घड आहे. तोडायची कशी?”

मी शेजारच्या तीन पोफळींकडे बोट दाखवले. त्यांच्या बुडाशी अजून काही नव्हते. म्हाताऱ्याने मधले अंतर पावलांनी मोजले, पुन्हा एकदा वर घडाकडे पाहिले आणि मुलाला कुदळ आणायला सांगितली.