चोर्ला घाट आणि एक छोटे इंजिन

बेळगावकरास गोवा परका वाटत नाही. न्याहारी करून निघावे आणि जेवणाला साखळीस पोहोचावे, एवढेच ते अंतर. परंतु जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ह्या वाटेने खाली उतरताना केवळ भाषेचा हेल आणि भाताचा तांदूळ बदलतो असे नाही, हवेचे वजनही बदलते. 2023 च्या डिसेंबरात ह्या बदलाचे माप आम्हांस मुठीत मावणाऱ्या एका इंजिनाने दाखविले.

इंजिन होते आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांचे. ते विज्ञान शिकवीत आणि सुटीच्या दिवशी मैदानात मधोमध उभे राहून, तारांनी आवरलेले छोटे विमान स्वतःभोवती गोल फिरवीत. 2011 मध्ये ते गेले. विमान वाळवीने खाल्ले, जपानी बनावटीचे साडेसहा घन सेंटिमीटरचे इंजिन तेवढे खोक्यात उरले. त्यांचा मुलगा, आमचाच विद्यार्थी, साखळीस स्थायिक झाला आहे. "सर, मुलीने आजोबांच्या विमानाच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या, पण आवाज एकदाही ऐकलेला नाही," असे त्याने कळविले, आणि खोके आमच्या टेबलावर येऊन पडले.

ह्या इंजिनाचे खाणे साधे: चार भाग मिथेनॉल, एक भाग एरंडेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही पुष्कळ ठिकाणी हेच प्रमाण धरतात. एरंडेल उष्णतेत टिकते, म्हणून इंजिनाला मानवते; पण वर्षानुवर्षे पडून राहिले की त्याचा डिंक होतो. लहानपणी ज्यांनी ते नाक दाबून प्यायले असेल, त्यांना त्याच्या चिकटपणाविषयी वेगळे सांगावयास नको! बारा वर्षांत पिस्टन जागीच चिकटला होता. अशा वेळी पकडीने किंवा विजेच्या स्टार्टरने जोर लावणे म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकविणे. आम्ही केस वाळविण्याच्या यंत्राने इंजिन गरम केले, प्लगच्या छिद्रातून पातळ तेल सोडले आणि थांबलो. तिसऱ्या वेळी पंखा हलक्या हाताने फिरला. मिथेनॉल हवेतील ओल शोषते, त्यामुळे बेअरिंगला गंज चढण्याची भीती असते. शाफ्ट फिरविताना खरखर लागली नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला. टाकीतील नळी कडक होऊन चिरली होती, ती बदलली. सुईची झडप काढून मिथेनॉलने धुतली. जुने इंधन कोणी देऊ केले तरी घेऊ नये. पाणी शोषलेल्या इंधनाने चांगले इंजिनही रडते.

राहिला प्लग. ह्या प्लगमध्ये मोटारीच्या प्लगसारखी ठिणगी उडत नाही. प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार दीड व्होल्टच्या सेलने लाल होते; एकदा इंजिन चालू झाले की सेल काढून घ्यावा, पुढे स्फोटाची ऊब आणि प्लॅटिनमवर मिथेनॉलची होणारी क्रिया तारेला तापत ठेवते. रे आर्डेन ह्या अमेरिकन गृहस्थाने 1947 मध्ये ही युक्ती बाजारात आणली आणि छोट्या विमानांच्या पाठीवरचे बॅटरीचे व कॉइलचे ओझे उतरले. आमच्या जुन्या प्लगची तार तापत होती, पण सेल काढताच इंजिन मान टाकी. सुई थोडी आवळूनही फरक पडेना. नवा प्लग बसविला आणि अंगणात निळसर धूर झाला. सुई पावणेदोन फेऱ्या उघडी असता आवाज निकोप लागला.

दुसऱ्या दिवशी निघालो. इंजिन एका फळीवर पक्के बसविले होते. किणये मागे पडते आणि जांबोटीपासून झाडी दाट होत जाते. कणकुंबीस माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. ही नदी पूर्वेस जाऊन कूडलसंगमाजवळ कृष्णेस मिळते. पलीकडच्या उतारावरचे पाणी मात्र म्हादईकडे धावते. दोन राज्यांचा तंटा ह्याच पाण्यावरून. लवादाचा निवाडा 2018 मध्ये झाला, तंटा मिटला नाही; असो. चोर्ल्याचे धुके ओलांडून उतरू लागलो की वळणावळणाला कान दडे बसल्यासारखे होतात, आणि एका वळणावर खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसते. त्यानंतर केरी, मग चिऱ्यांच्या भिंती, पोफळी आणि अंगाला चिकटणारी दमट हवा.

खरी गोम इथेच होती. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे. तेथील हवा साखळीच्या हवेपेक्षा सुमारे सात-आठ टक्के विरळ. घाटावर लावलेली सुई तशीच ठेवून खाली इंजिन चालविले, तर प्रत्येक फेरीला हवा अधिक आणि त्या मानाने इंधन कमी जाते. इंधनाबरोबर तेलही कमी जाते, हे विशेष. असे उपाशी इंजिन प्रथम फार गोड, चढ्या सुरात गाते. ऐकणारा खूश होतो आणि पिस्टन जळू लागतो. बारा वर्षांच्या अडगळीने जे बिघडले नाही, ते अशा एका मिनिटात बिघडते, आणि त्या इंजिनाचे सुटे भाग आता मिळत नाहीत.

म्हणून वाळवंटीच्या अलीकडे, त्याच्या घरामागे फळी स्टुलाला आवळून आम्ही सुई प्रथम सव्वादोन फेऱ्यांवर नेली. शेजारी पाण्याची बादली ठेवली, कारण मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. मुलीला पंख्याच्या पातळीतून बाजूस, मागे उभे केले. काठीने पंख्यास झटका दिला. दुसऱ्या झटक्यास इंजिन सुरू झाले, पण भरल्या पोटी, अडखळत, दाट धूर ओकत. सेल काढला, तरी चालत राहिले. मग पंख्याच्या मागून हात घालून एकेक खटका सुई आवळत गेलो. अडखळणे संपले, सूर चढला. नळी बोटांनी क्षणभर दाबली: वेग किंचित वाढून मग उतरू लागला. म्हणजे पोटात अजून थोडे जास्त आहे, आणि तेच हवे. दाबताक्षणी वेग पडला असता, तर सुई उघडावी लागली असती. फळीचे नाक वर करून पाहिले, सूर टिकला. थांबलो तेव्हा सुई बेळगावच्या खुणेपेक्षा तीन खटके उघडी होती.

मुलगा काही बोलला नाही, भिंतीला हात टेकून ऐकत होता. मुलगी मात्र, "एवढंसं आहे आणि केवढं ओरडतं!" म्हणून कानांवर हात ठेवून हसत होती.

नळी दाबून आतले इंधन संपवले. प्लग आणि कार्बुरेटरमधून तेलाचे थेंब सोडून पंखा पंधरा-वीस वेळा फिरविला, आणि हे प्रत्येक वेळी करावयाचे, असे मुलाकडून वदवून घेतले. इंजिन फडक्यात गुंडाळत असता मुलीने वडिलांस विचारले, "बाबा, विमान कधी करायचं?" बाल्सा लाकूड कोठे मिळते, ह्याची चौकशी तो हल्ली करीत आहे.