पेराएवढा व्रण

माझ्या कमरेवर, मणक्याच्या डाव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढा एक व्रण आहे. शोधल्याशिवाय सापडत नाही. तो इतका लहान राहिला याचं देणं मी बऱ्याच जणांना लागते, आणि त्यातल्या बहुतेकांना माझं नावही ठाऊक नाही.

मी मुद्रितशोधक. मान आणि कंबर वाकवून बसायचं, हाच धंदा. स्वीडनच्या नाखेमसन नावाच्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यातल्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला, तेव्हा उभ्यापेक्षा वाकून बसलेल्या माणसात तो जास्त भरला. हे मी वाचलं ते आडवी पडल्यावर.

सुरुवातीला नुसती उसण भरल्यासारखं झालं. मग कळ कुल्ल्यातून पोटरीत उतरली आणि अंगठ्यापर्यंत पोचली. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. वाड्यातल्या सगळ्यांनी ‘गॅप पडलाय’ असं निदान करून टाकलं. एमआरआयमध्ये दिसलं ते असं: कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फाटून तिचा तुकडा नसेवर बसला होता. एका ठिकाणी तर फिल्म उजेडासमोर धरल्या धरल्या ऑपरेशनची तारीखच मिळाली.

नंतर ज्यांच्याकडे गेले त्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. मला उताणं निजवून पाय सरळ वर उचलला, मग पायाचा अंगठा वर करायला सांगून तो खाली दाबून पाहिला. अंगठ्यात जोर होता. “मग आत्ता कापायचं काही कारण नाही,” ते म्हणाले. “गोळ्या घ्या, पण झोपून राहू नका. सोसेल तेवढं चाला. सहा आठवड्यांनी बघू. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच बऱ्याचदा जिरवून टाकतं.” मी हटूनच बसले, तेव्हा त्यांनी हॉलंडमधल्या २००७ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. असाच पाय दुखणाऱ्या २८३ जणांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर उतरलं खरं, पण वर्षाअखेरीस दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. हातात सुरी असलेल्या माणसाने हे आपणहून सांगावं, हे माझ्यावरचं पहिलं ऋण.

मी त्या ३९ टक्क्यांत निघाले. ओळखलं ते शेजारच्या काकांनी. काका एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. जिन्यातून माझी चाहूल ऐकून ते दारात आले. “ताई, तुमचं पाऊल आपटतंय. चप्पल निसटत्येय ना पायातून? माझं असंच झालं होतं.” निसटत होती; मी चपलेचा पट्टा सैल झाला म्हणत होते. काकांच्या पाठीवर वीतभर व्रण आहे. त्यांच्या वेळी स्नायू हाडापासून सोडवून, हाड बरंच काढून गादीपर्यंत पोचले होते, आणि पुढे कितीतरी दिवस ते अंथरुणाला खिळून होते. तरीही त्यांचं पाऊल पुरतं सुधारलं नाही, कारण ते उशिरा गेले होते. म्हणूनच त्यांनी माझं काही ऐकून घेतलं नाही. पुतण्याची गाडी मागवली आणि संध्याकाळच्या आत मला डॉक्टरांपुढे उभं केलं.

ऑपरेशनबद्दल मी सांगणार ते ऐकीव, कारण मी भुलीत पालथी होते. एक्स-रेच्या यंत्राखाली नेमका मणका ठरवला. दोनेक सेंटिमीटरचा छेद. त्यातून एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सारल्या; त्यांनी स्नायू कापला नाही, फक्त बाजूला केला. शेवटच्या नळीतून, सूक्ष्मदर्शकाखाली, हाडाची कड जराशी कोरली, नस हळूच सरकवली आणि तुकडा चिमट्याने ओढून काढला. उरलेली गादी जागच्या जागी ठेवली. तुकडा नंतर बाटलीत दाखवला. खेकड्याच्या मांसासारखा दिसत होता.

ही नळी १९९७च्या सुमारास अमेरिकेत मेम्फिसच्या फोली आणि स्मिथ यांनी रूढ केली. सूक्ष्मदर्शक त्याआधी वीस वर्षं, झुरिचचे याशारगिल आणि जर्मनीतले कास्पर यांनी या कामाला लावला होता. पण मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते बॉस्टनचे मिक्स्टर आणि बार. त्यांच्या आधी गादीचे असे तुकडे गाठ समजून काढले जात. या दोघांनी जुने नमुने पुन्हा तपासले आणि त्यांतल्या कितीतरी गाठी म्हणजे फुटलेली गादीच आहे, हे १९३४ साली छापून सांगितलं. दुसऱ्यांनी ‘बरोबर’ म्हणून सोडलेलं पुन्हा वाचणं, हे माझ्याच धंद्यातलं काम की!

शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ गेली होती. दुसऱ्या दिवशी उठवलं ते वॉर्डातल्या मावशींनी. “कंबर पिळायची नाही. खांदा नि ढुंगण एकदम वळवायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर.” मी घाईने उठायला गेले तर खांद्यावर हात ठेवून पुन्हा निजवलं आणि पहिल्यापासून करायला लावलं. आजही मी तशीच उठते. अंगठ्यात जोर यायला मात्र महिने लागले, आणि तोवर फिजिओथेरपीच्या पोरीने माझा एकही बहाणा चालू दिला नाही.

काकांचे पेन्शनचे अर्ज मी तपासून देते. त्याने काही फिटत नाही, पण त्यांना ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती आहे.

पाय दुखतो म्हणून कुणी लगेच तारीख देत असेल, तर आधी पायातला जोर तपासायला सांगा आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. पण पाऊल उचलेनासं झालं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा जातोयसं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.