तो ते चक्क प्यायला!

घशात बधिर करणारा फवारा, दातांत प्लॅस्टिकची कडी, मी डाव्या कुशीवर, आणि समोरच्या पडद्यावर माझं जठर! लाइव्ह! गुलाबी, ओलं, चकचकीत, वळ्याच वळ्या. तळाशी एक गोल तोंड आपसूक मिटतंय, उघडतंय. "पायलोरस. इथून पुढे लहान आतडं," डॉक्टर म्हणाले. घशात नळी असताना 'अय्या' म्हणता येत नाही, एवढंच काय ते दुःख.

मग बारक्या चिमट्याने अस्तराचा कणीएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकला. बघता बघता तुकड्याभोवती गुलाबी कड उमटली आणि पसरत गेली. "आहे," डॉक्टर म्हणाले. काय आहे? हेलिकोबॅक्टर पायलोरी! तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

जठरातल्या आम्लाचा पीएच दीड-दोनच्या आसपास. त्यात जंतू मरायलाच हवेत. पण हा पठ्ठ्या युरिएज नावाचं विकर बनवतो, युरिया फोडून अमोनिया काढतो, स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि जठराच्या चिकट थरात घुसून राहतो. वर्षानुवर्षं! जेल गुलाबी झालं तेही त्याच अमोनियामुळे, म्हणजे त्याच्या बचावानेच तो पकडला गेला!

आणि हा सापडला कसा, ते तर ऐकाच. ऑस्ट्रेलियातलं पर्थ, साल 1979. रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या तुकड्यांवर वाकडे जंतू दिसले. एवढ्या आम्लात जंतू टिकतील, यावर विश्वास ठेवायला फारसं कुणी तयार नव्हतं. पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू वाढवायचे प्रयत्न सारखे फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून देत. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा तशाच राहिल्या, आणि पाचव्या दिवशी जंतू हजर! सुट्टीचं याहून चांगलं समर्थन मला माहीत नाही.

तरी लोक मानेनात. मग 1984 मध्ये मार्शलने आधी स्वतःची एंडोस्कोपी करून घेतली, जठर ठणठणीत असल्याचं दाखवलं, आणि जंतूंचं पाणी घटाघटा प्यायला! काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास. दहाव्या दिवशीच्या एंडोस्कोपीत जठराला सूज. अल्सर झाला नाही, पण निरोगी जठराला हा जंतू सुजवतो, हे सिद्ध झालं. 2005 मध्ये दोघांना नोबेल.

आणि आमच्याकडे अजून 'टेन्शन घेऊ नकोस, अल्सर होईल' आणि 'तिखट कमी खा'! वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतात, आणि हा जंतू असूनही कित्येकांना काहीच होत नाही, हे खरं. पण जठराच्या आणि पक्वाशयाच्या बहुतेक अल्सरांमागे हे दोघेच असतात. मला चौदा दिवसांचा कोर्स लिहून दिलाय, दोन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी.

हे सगळं एका दमात मावशीला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "बायकोला विचारून प्यायला का गं तो?"

"नाही, नंतर सांगितलं."

"वाटलंच."