देडतलाईची वाट आणि आप्पांची जीप

बुऱ्हाणपूरला येणारा मराठी प्रवासी बहुधा भुसावळ-खांडवा लोहमार्गाने येतो, लालबागेजवळच्या स्थानकावर उतरतो आणि दोन दिवसांत जे पाहावयाचे ते पाहून परत फिरतो. जामा मशिदीतील अरबी लेखाच्या जोडीने कोरलेला संस्कृत लेख पाहून तो थबकतो. १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या उतारावरचे पाणी केवळ उताराच्या हिशेबाने भुयारातून शहरात आणणारा कुंडी भंडारा पाहून मान डोलावतो. इतिहासाची आवड असली तर १६८१ साली मराठी फौजांनी जेथे धाड घातली त्या बहादूरपुऱ्याची चौकशी करतो, मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपर्यंतही जातो. वेळ उरला तर अशीरगड. मावा जिलेबी आणि दराबा घेतल्याशिवाय तर कोणीच जात नाही. परंतु पूर्वेकडे खकनारवरून देडतलाईस जाणाऱ्या रस्त्याला आमच्या पाहुण्यांपैकी कोणीही आपण होऊन वळल्याचे आम्हांस स्मरत नाही. आज लिहावयाचे आहे ते त्या वाटेविषयी, आणि त्या वाटेसाठी एका जुन्या जीपगाडीला किती उंच करावे या प्रश्नाविषयी. प्रश्न ऐकावयास चमत्कारिक वाटेल, पण या प्रश्नाने आमचा सबंध उन्हाळा खाल्ला.

शहर मागे पडले की प्रथम केळीच्या बागा लागतात. त्यांची हिरवी सावली संपली की कपाशीची काळी रेगाड जमीन, आणि खकनार ओलांडल्यावर हळूहळू सागाची झाडे. देडतलाईपुढे रस्ता धारणीकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या मेळघाटात उतरतो. सरहद्दीच्या अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे अमरावती जिल्हा. परंतु दोन्ही बाजूंस राहणारा कोरकू माणूस एकच, त्याची भाषा एकच, आणि त्याच्या पाड्याकडे जाणारी वाटही सारखीच वाईट. डांबरी रस्ता सोडून आत शिरले की पायाखाली काळा दगड आणि त्यावर वीतभर काळी माती. उन्हाळ्यात हीच माती दगडासारखी टणक असते. मृगाच्या दोन सरी पडल्या की चाकाला अशी बिलगते की चाक फिरते आणि गाडी जागच्या जागी राहते.

आमचे स्नेही आप्पा हे केळीचे बागाईतदार. त्यांच्या मळ्यातील मजूर यांपैकी एका पाड्यातले. पाडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे. शासनाची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तर डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिचा दोष नाही, पुढे तिला वाटच नाही. मग राहिलेली वाट आप्पांच्या वडिलांनी १९८९ साली घेतलेली महिंद्राची जीप तुडविते. गेल्या श्रावणात एका बाळंतिणीला आणताना नाल्याच्या मध्यावर ही जीप पोटाने दगडावर बसली. चाके मोकळी फिरू लागली. शेवटी बाजेवर निजवून चौघांनी तिला पलीकडे नेले. बाई आणि मूल दोघेही सुखरूप आहेत. पण त्या दिवसापासून आप्पांनी गाडी उंच करावयाचा ध्यास घेतला.

आमच्या शहराच्या लोकांना या गोष्टीचे एक निराळेच स्मरण असते. १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहल चौदाव्या अपत्याच्या वेळी येथेच गेली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले होते. हाताशी शाही हकीम होते, फौज होती, खजिना होता. पाड्यावरच्या बाईपाशी यांपैकी काही नाही. तिला दवाखाना आहे, पण मध्ये नाला आहे.

आता गाडीकडे वळू. जीपगाडी ज्यांनी खालून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. आजच्या मोटारीत चाकांना वळ्यावळ्यांच्या स्प्रिंगा असतात. या जुन्या गाडीत एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात, बैलगाडीच्या जोखडासारखे किंचित वाकलेले. यांनाच आमच्याकडे कमानी म्हणतात. दोन चाकांना जोडणारा जाड आस या पाट्यांच्या वर बसविलेला असतो, आणि आसाच्या पोटात, एका बाजूस सरकून, दंतचक्रांचा एक मोठा गोळा असतो. नाल्यातील दगडाला लागला तो हा गोळा.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, आणि गॅरेजवाले ती आपण होऊन सांगत नाहीत. कमानी कितीही उंच केल्या तरी वर जातो तो सांगाडा, म्हणजे गाडीचे वरचे धड. आस चाकांच्या मध्यावरच राहतो आणि गोळाही जेथल्या तेथेच. गोळा उचलावयाचा तर चाकच मोठे हवे, आणि तेही निम्म्या हिशेबाने: टायरची एकूण उंची दोन इंचांनी वाढली, तर गोळा एका इंचाने वर येतो. कमान उंच करण्याचा उपयोग इतकाच की मोठे चाक बसावयास जागा होते आणि सांगाड्याचे पोट, धुराची नळी, इत्यादी भाग दगडापासून वाचतात. हा भेद समजून न घेता जो पैसे खर्च करील, त्याची गाडी दिसावयास रुबाबदार होईल आणि त्याच दगडावर पुन्हा बसेल.

आप्पांची ऐपत वाईट नाही. परंतु केळीचा भाव पडलेल्या वर्षी पंचवीस हजारांच्या वर एक पैसा घालावयाचा नाही असे त्यांनी ठरविले होते. बाहेरून येणारे तयार संच यामुळे बादच झाले. राहिले ते देशी उपाय. शनवाऱ्यापासून महामार्गापर्यंत तीन गॅरेजे आम्ही पालथी घातली आणि तिन्ही ठिकाणी तीन मते ऐकली.

पहिला म्हणाला, शॅकल लांब करा. शॅकल म्हणजे पाट्याचे एक टोक सांगाड्याला टांगणारी लोखंडी कडी. लोहाराकडून लांब करून घेतली की काम स्वस्तात होते. परंतु कडी जितकी लांबेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. शिवाय पुढच्या आसाचा कल बदलतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होण्याची जी सवय असते, ती मोडते. घाटात हे परवडणारे नव्हे. दुसऱ्याचा उपाय अधिक धाडसाचा: आसाखालचे पाटे काढून आसावर चढवावयाचे. नवे सामान जवळजवळ काहीच नाही, थोडे वेल्डिंग, आणि चार-पाच इंच उंची एकदम. तरुण मुलांना हा प्रकार फार आवडतो असे त्याने सांगितले, आणि ते खरेही असावे. पण मग ब्रेकच्या रबरी नळ्या तोकड्या पडतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरका होऊन त्याचे क्रॉस लवकर झिजतात, जोर लागला की पाटे नागमोडी पिळतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे मुळातच अरुंद असलेली गाडी डोक्यावर घागर घेतलेल्या माणसासारखी डुलू लागते. तिसऱ्याने ट्रकचा जुना पाटा कमानीत घालावयास सांगितले. उंची मिळाली असती. पण गाडी रिकामी असताना एवढी कडक झाली असती की आत निजलेल्या माणसाची हाडे मोजून घ्यावी.

कायद्याचाही विचार करणे भाग होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बांधणीत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते, आणि आप्पांच्या गाडीची मुदत या वर्षीच संपते. नोंदणीच गेली तर पाड्याला उंचही नाही आणि ठेंगणीही नाही, अशी गत व्हावयाची.

या सर्व वादाला वळण लावले ते दोघांनी. एक पाड्यावरील आशा कार्यकर्ती. तिला आप्पांनी उत्साहाने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दाजी, गाडी उंच कराल, पण नऊ महिन्यांच्या बाईने तिच्यात पाय कुठे ठेवून चढायचं?" आम्ही चौघे शिकलेसवरलेले पुरुष महिनाभर इंच मोजीत होतो, हे माप कोणी घेतले नव्हते. दुसरे, कमानीचे काम करणारे एक वृद्ध चाचा. त्यांनी उपाय सांगण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करविली आणि पट्टीने चारही चाकांपाशी आस आणि सांगाडा यांतील अंतर मोजले. चालकाच्या बाजूस ते दुसऱ्या बाजूपेक्षा दीड इंचाने कमी भरले. मग टायरवरचे आकडे वाचून कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहिले. कधी काळी काटकसर म्हणून लहान मापाचे टायर चढविले गेले होते. चाचा म्हणाले, "माट्साब, ही गाडी उंच करायची नाही. बसली आहे, तिला उभी करायची आहे."

मग तसेच केले. पाटे सुटे करून, गंज खरवडून, प्रत्येकाची मधल्या बोल्टाच्या भोकापाशी तडीसाठी तपासणी झाली. तेथेच पाटा आधी चिरतो. दोन चिरलेले निघाले, ते नवे घातले. बाकीच्यांची कमान चाचांनी ऐरणीवर थंड स्थितीतच, घणाचे घाव इंच इंच सरकवीत भरली. भट्टीत लाल करून वाकविणे सोपे असते, परंतु नंतर तेलात बुडविणे आणि बेताने पुन्हा तापविणे नेमके साधले नाही, तर पोलाद मऊ पडते आणि चार महिन्यांत कमान पुन्हा बसते. अडीच दिवस तो ठणठणाट चालला होता. आमच्या मते तो पाहण्यासारखा आहे. छत्र्या आणि सराया पाहून कंटाळलेल्या पाहुण्याने एकदा अशा दुकानापाशीही उभे राहावे. पाट्यांमध्ये ग्रीस, नवे बुश, नवे यू-बोल्ट, चार नवे शॉकप, आणि पुस्तिकेतील मापाचे खोल नक्षीचे टायर. टायरांनीच निम्म्याहून अधिक पैसा खाल्ला, आणि तोच आम्हांस सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो, कारण गोळा उचलला तो त्यांनी. मागे चढावयास एक लोखंडी पायरी, दुमडून वर घेता येईल अशी. खर्च ठरल्यापेक्षा अकराशेने वाढला. त्यावर आप्पा अजून कुरकुरतात.

पहिल्या पावसानंतर आम्ही देडतलाईपर्यंत आणि तेथून आत गेलो. सांगाडा मागच्या वर्षीपेक्षा सव्वादोन इंच वर होता, गोळा इंचाला थोडा कमी. श्रावणातला तो दगड अंगठ्याएवढे अंतर राखून खालून गेला. आशाताईंनी पायरीवरून दोनदा चढउतर करून पाहिली आणि धरावयास एक दांडा हवा म्हणाल्या. तो आता बसविला आहे. मात्र आप्पांच्या मुलाला आम्ही नाल्याकाठच्या उंबराच्या खोडावर पांढरी रेघ मारावयास लावली आहे. पाणी रेघेला लागले की जीप थांबावयाची, मग आत कोणीही असो. गुडघाभर पाणी वेगाने वाहत असले तर तेवढ्याने मोटार सरकते, आणि दोन इंचांनी गाडी वर गेली म्हणून नाला उथळ झालेला नसतो. त्या दिवसासाठी बाज पाड्यावरच ठेविली आहे.

दोनतीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट एकदा पुन्हा आवळावे लागतात. तेवढे काम उरले आहे. चाचांनी रविवारी सकाळी बोलावले आहे. नोंदणीची तपासणी त्यानंतरच्या आठवड्यात.