आस्कंदाची पुडी

मंठ्याहून जिंतूरकडे जाणारी एसटी देवगाव फाट्यावर थांबली की निम्मी गाडी खाली उतरते. कुणाला सेलूची गाडी धरायची असते, कुणाला चहा हवा असतो. माझी माय तिथे गाठोडं घेऊन उभी असायची. पुण्याला किंवा मुंबईला जाणारं ओळखीचं कुणी दिसलं की त्याच्या हाती ते द्यायचं, त्यानं सेलूला रेल्वेत बसायचं, पुढे मुंबईत भावाच्या मित्रानं ते ताब्यात घ्यायचं आणि तिथून विमानानं निघालेल्या कुणातरी मराठी माणसाच्या बॅगेतून ते कोपनहेगनला माझ्यापर्यंत पोचायचं. कधी महिना लागे, कधी दीड महिना. आत काय असणार ते ठरलेलं होतं. येसर, कारळाची आणि जवसाची चटणी, माडग्यासाठी हुलग्याचं पीठ, हळिवाचे लाडू. आणि सगळ्यात खाली, दुहेरी कापडात बांधलेली आस्कंदाची पुडी.

आस्कंद म्हणजे अश्वगंधा. आमच्याकडे ती बांधाला, पडीक रानात आपोआप उगवते. कमरेइतकं झुडूप, पानं मळकट हिरवी, त्यांवर बारीक लव. कागदासारख्या पापुद्र्यात लपलेलं तांबडं फळ. पानं वाळायला लागली की पौष-माघात माय कुदळ घेऊन बांधावर जायची. मुळी ओढून काढायची नाही, भोवतीची माती मोकळी करून उकरायची, हा तिचा नेम. धुतलेल्या मुळ्या बोटभर लांबीच्या कापून माळवदाखालच्या सावलीत सुपात पसरायच्या. उन्हात नाही. वाळल्या की त्या टणक होत आणि मोडताना कटकन आवाज येई. मग खलबत्ता. कुटताना घोड्याच्या अंगासारखा तो उग्र वास घरभर पसरायचा आणि आम्ही पोरं ओसरीवर पळायचो. जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केलेलं ते पीठ बोटांत धरलं तर गव्हाच्या पिठाहून मऊ लागे. रात्री कपभर गरम दुधात छोटा चमचा आणि साखर. ताप असला तर नाही, पोट बिघडलेलं असलं तर नाही, बाईला दिवस गेलेले असले तर अजिबात नाही. हे नियम तिला तिच्या सासूनं दिले होते आणि तिनं ते कधी मोडले नाहीत.

घर माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे डेन्मार्कला निघाले तेव्हा मायनं एवढंच विचारलं, "तिथं काय खाशील गं बाई?" प्रश्न खरा होता. राय नावाच्या धान्याचा काळा, जड, आंबूस पाव तिथे रोजचा. तो मला पुढे आवडायला लागला, कारण चावताना त्यात भाकरीचा कस लागतो. पण चीज घेतलं तर ते वासराच्या जठरातल्या रसानं विरजलेलं तर नाही, हे वेष्टनावर वाचावं लागे. सूप मागितलं तर पाणी हाडांचं. ऑफिसातल्या जेवणात माझ्या ताटात बटाटे, कोबी आणि पाव. ज्वारीचं पीठ कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागातल्या दुकानांत कधी मिळे, कधी नाही, आणि मिळालं तरी इतकं जुनं असे की भाकरी थापताना हातातच तुटायची.

तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात अंगातलं बळच गेलं. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सात तासांचा. अंधारात कामावर जायचं, अंधारात परत यायचं. जिना चढताना मध्ये थांबावं लागे, तळपायाला मुंग्या येत, बोलता बोलता शब्द हरवे. मायला सांगितलं तर तिनं आस्कंद दोन वेळा घ्यायला लावला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बी-12 कमी, ड जीवनसत्त्व कमी असं सांगितलं. बी-12 जिवाणू तयार करतात, झाडं नाही. ते आपल्याला मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आहार बदलला तरी उणीव लगेच कळत नाही. साठा सरला की मग नसांवर येतं. डॉक्टरांनी माझा शाकाहार सोडायला सांगितलं नाही, गोळ्या दिल्या. दोन-तीन महिन्यांत जिना सोपा झाला. आस्कंदानं झोप चांगली लागत होती, हे मी आजही म्हणेन. पण जे शरीरात नव्हतंच, ते त्या मुळीतून येणार नव्हतं.

हे सगळं मी मायला फोनवर समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दुधात असतंय म्हनतीस, मग दूध पीत न्हाईस का तू?"

2023 मध्ये डेन्मार्कनं अश्वगंधेवर बंदी घातली. तिथल्या तांत्रिक विद्यापीठानं 2020 मध्ये दिलेल्या अहवालाचा आधार होता. थायरॉईडच्या आणि लैंगिक संप्रेरकांवर परिणाम होऊ शकतो, गर्भपाताचा धोका संभवतो, असं त्यात होतं. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी त्या अहवालावर आक्षेप घेतले. मला मात्र सगळ्यात आधी मायचा नियम आठवला. दिवस गेलेल्या बाईला आस्कंद नाही. न शिकलेल्या दोन बायकांनी घरात पाळलेलं पथ्य एका सरकारी कागदावर उमटलेलं पाहून मला तिचा फार अभिमान वाटला. बाजारच्या आयुर्वेदिक पुड्यांबद्दलही ती अशीच कडक होती. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ती बातमी मायपर्यंत पोचायचं काही कारण नव्हतं. पण जे आपण उकरलं नाही, आपण कुटलं नाही, ते लेकराच्या पोटात घालायचं नाही, एवढं तिला ठाऊक होतं. बंदीचं सांगितल्यावर पुढच्या गाठोड्यातून पुडी नाहीशी झाली आणि हळिवाचे लाडू दुप्पट आले. युरोपात बाहेरून तूप-खवा नेता येत नाही, म्हणून ते नुसत्या गुळाच्या पाकात, किसलेल्या सुक्या खोबऱ्यात वळलेले. हळिवात लोह भरपूर, आणि ही बाळंतिणीची वस्तू आहे हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं.

बी-12 कमी झालं त्या आजारपणात मी आनंदीबाई जोशींबद्दल मिळेल ते वाचलं. 1883 साली, अठरा वर्षांची मुलगी, नवऱ्याला मागे ठेवून, वैद्यकी शिकायला कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेली. जाण्याआधी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला भाषण करून तिनं सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या थंडीत तिनं साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. खोलीतली शेगडी नीट पेटत नसे, धूर कोंडायचा. तशात स्वतःचं स्वतः रांधायचं आणि वैद्यकीचा अभ्यास करायचा. तिच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. म्हणजे जे ज्ञान आपल्या घरातल्या बायका हातानं सांभाळत होत्या, त्याचं शास्त्र तिनं परक्या देशात परीक्षकांपुढे मांडलं. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. क्षयानं पोखरलेली आनंदीबाई त्याच वर्षी परतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली होती, तिथे रुजू व्हायचं राहून गेलं. 26 फेब्रुवारी 1887 ला ती पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

क्षय जिवाणूनं होतो, शाकाहारानं नाही. पण ज्या शरीराला पुरेसं अन्न, ऊब आणि विसावा मिळत नाही, त्यात तो लवकर घर करतो. तिच्या व्रताचं कौतुक सगळे करतात. तिला कॉलेजातून दमून आल्यावर कुणी गरम वरण-भात वाढला का, हे मला विचारावंसं वाटतं. अमेरिकेत तिला घरी ठेवून घेणाऱ्या रोसेलच्या कार्पेंटरमावशींनी तिला पोटच्या मुलीसारखं जपलं होतं, पण त्या न्यू जर्सीत होत्या आणि कॉलेज फिलाडेल्फियात.

मायला कोण वाढत होतं?

आमच्या घरी आधी दादा, म्हणजे माझे वडील, आणि पाहुणे जेवायचे, मग पोरं, मग सालगडी, मग माय आणि वहिनी. तोवर कोरड्यासाचा तळ उरलेला असे. शिळी भाकरी, ठेचा आणि वर चहा, हे तिचं जेवण. घरात दोन म्हशी होत्या. दूध सकाळ-संध्याकाळ संकलनाला जायचं, उरलेलं नातवांना, आणि शेवटचं पेलाभर चहात. ज्या दुधाबद्दल तिनं मला हटकलं होतं, ते तिच्या तोंडी चहापुरतंच लागत होतं. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही, हे आता आरोग्यसेविकाही सांगतात. तळपायाला मुंग्या तिलाही येत होत्या. तिनं त्याला वात म्हटलं आणि निर्गुडीचं तेल चोळलं. जीभ लाल, गुळगुळीत झाली होती, तिखट सोसेना. ठेचा बंद केला, कुणाला सांगितलं नाही. हळिवाचा लाडू तिनं खाल्लेला वहिनीनं कधी पाहिला नव्हता. ते "पोरीचे" होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. माय त्या वयाच्या पुढे गेली होती, म्हणून त्या आकड्यातही ती नाही.

एका सकाळी शेण काढताना ती गोठ्यातच बसली. दवाखान्यात हिमोग्लोबिन सहाच्याही खाली निघालं, बी-12 तळाला. रक्त चढवलं, इंजेक्शनं सुरू झाली, चार दिवस ती तरतरीत बोलली. मला व्हिडिओवर पाहून म्हणाली, "वाळलीस गं. ताकद हाय का अंगात?" नाकातली नळी हलली म्हणून भावानं फोन बाजूला घेतला. नंतर न्यूमोनिया झाला आणि त्यातून ती उठली नाही. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दहाव्याला गोदावरीकाठी कावळा लवकर शिवला. बायका म्हणाल्या, काही मागे राहिलं नव्हतं बघ तिचं. मला ते पटलं नाही. तिचं पोटभर जेवायचं राहिलं होतं.

शाकाहाराला दोष द्यायचा माझा जीव होत नाही, आणि द्यायचं कारणही दिसत नाही. आमच्या मातीत काय कमी आहे? तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी, करडईची कोवळी भाजी, हुलगे, तीळ, कारळं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर ज्वारीचा एक वाण काढला, 2018 मध्ये तो आला, नाव परभणी शक्ती. त्याच्या दाण्यात लोह किलोमागे साधारण 45 मिलिग्रॅम, एरवीच्या वाणांत 30 च्या आसपास. लोह दाण्यात वाढवता आलं. ती भाकरी बाईच्या ताटात आधी आणि गरम पडायची, ते काम कुठलं विद्यापीठ करणार?

भावानं गेल्या खरिपात दोन एकर परभणी शक्ती पेरली. वहिनीचं रक्त मी हट्टानं तपासून घेतलं, ते नऊच्या खाली होतं. आता तिला लोहाच्या आणि बी-12 च्या गोळ्या चालू आहेत. दुधाचा एक तांब्या संकलनाला जायच्या आधी बाजूला निघतो, आणि तो चहासाठी नाही. हळिवाचे लाडू ती करते, पण ते मी तिला मला पाठवू देत नाही. दादांनी दोन महिने कुरकुर केली, आता ते स्वतःच तिला हाक मारतात, "बस बरं तू बी." भाजीवर लिंबू पिळणं तिनं लगेच मान्य केलं. चहाचं मात्र जमत नाही. जेवणावर चहा नसला तर दुपारी निंदायला हात उचलत नाहीत, असं तिचं म्हणणं, आणि दोन तास थांब, असं माझं. दर रविवारी फोनवर आमचं यावरून वाजतं.